मारिओ पहिल्यांदा हातात घेताना : खान्देशातल्या नवख्यांसाठी

मारिओ हा व्हिडिओ गेम पाहिलाच नाही असा तिशी ओलांडलेला माणूस जळगाव-धुळ्याकडे सापडणं अवघड. नीट खेळलेला मात्र क्वचितच भेटतो. घरात सेट एक, रिमोट दोन आणि सुट्टीत जमलेली मामे-आते-चुलत भावंडं सात-आठ. आपला नंबर येईपर्यंत लाईट गेलेली असायची. ज्यांचा नंबर लागला, तेही पहिल्या किल्ल्यातल्या फिरत्या आगीच्या दांडीला चिकटून मरायचे आणि रिमोट पुढच्याच्या हाती जायचा. हा लेख त्या सगळ्यांसाठी आहे. घरातली मुलं दिवसभर मारिओ-मारिओ करतात आणि आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, अशा आईबापांनीही वाचायला हरकत नाही.

सुरुवातीलाच एक ठाम मत सांगून टाकतो. या मालिकेत राजकन्या, किल्ले, गोष्ट वगैरे सगळं दुय्यम. मारिओ म्हणजे उडी. ती एकदा हातात बसली की चाळीस वर्षांतला कुठलाही मारिओ उचला, तासाभरात रुळाल. ती बसली नाही, तर हजारो रुपयांचं नवं मशीन आणूनही ते आठवड्यात कपाटात जाईल. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळ मी उडीवरच घेणार आहे.

पायरी १ : ओळख, थोडक्यात

निन्टेन्डो ही जपानमधल्या क्योटोची कंपनी, १८८९ सालची. सुरुवात हानाफुदा नावाच्या पत्त्यांपासून. १९८१ मध्ये तिथल्या शिगेरू मियामोतो या तरुण डिझायनरने डाँकी काँग हा नाणं टाकून खेळायचा खेळ केला. एक माकड वरून पिंपं ढकलतंय आणि एक बुटका सुतार त्यांच्यावरून उड्या मारत वर चढतोय, एवढाच मामला. त्या सुताराला तेव्हा धड नावही नव्हतं, जम्पमॅन म्हणायचे. पुढे निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या गोदामाचे मालक मारिओ सेगाली यांच्यावरून त्याला मारिओ नाव पडलं. घरमालकाचं नाव जगभर गाजवणारा दुसरा भाडेकरू मला तरी माहीत नाही.

त्याचा अवतारही गरजेतून आलाय. तेव्हाच्या पडद्यावर माणूस रंगवायला मोजके ठिपके मिळत. तोंड काढायला जागा नाही, म्हणून मोठं नाक आणि मिशी. केस हलताना दाखवणं कठीण, म्हणून टोपी. हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून डांगरी. १९८३ मध्ये मारिओ ब्रदर्स आला, त्यात भाऊ लुइजी आला आणि सुताराचा प्लंबर झाला. तिथून पुढे हिरवे पाइप कायमचे.

आपण ज्याला मारिओ म्हणतो तो म्हणजे सुपर मारिओ ब्रदर्स, १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये आलेला. मियामोतोंच्या जोडीला ताकाशी तेझुका, संगीत कोजी कोंडो यांचं. आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, एकूण ३२. आणि हे सगळं ४० किलोबाइटमध्ये. व्हॉट्सॲपवर सकाळी येणारा फुलांचा एक गुड मॉर्निंगही बहुधा याहून जड भरेल. जागा वाचवायला काय काय केलं ते पडद्यावर दिसतं: आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. पुढच्या वेळी टीव्ही लावाल तेव्हा बघा. हा खेळ जगभरात चार कोटींहून जास्त विकला गेला. त्यात आपल्याकडच्या कॅसेटी धरलेल्या नाहीत, हे उघडच आहे.

पायरी २ : खेळायचं कशावर

आपल्याकडे मारिओ आला तो बहुतेक नकली सेटवरून. समुराई, लिटल मास्टर, मीडिया अशा नावांचे सेट, पिवळी कॅसेट, तिच्यावर ९९९९ इन १ असं छापलेलं आणि आत तेच वीस-पंचवीस गेम फिरून फिरून. माळ्यावर तो सेट अजून असेल तर तिथूनच सुरुवात करा. खर्च शून्य.

कॅसेट लागत नसेल तर फुंकर मारू नका. फुंकरीने लागते असं आपण सगळेच मानत आलो, पण खरं काम करते ती काढून परत घातल्याने पट्ट्या बसण्याची क्रिया. तोंडातल्या दमटपणाने उलट पट्ट्या गंजतात. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे आयपीएची, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली असते. कानातली कापसाची काडी त्यात बुडवून तांब्याच्या पट्ट्या पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मग घाला. नव्या एलईडी टीव्हीला पिवळी-पांढरी पिन घालायला जागा नसते. त्यासाठी एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर मिळतो, जळगावला गोलाणी मार्केटमध्ये किंवा तुमच्या गावातल्या टीव्हीच्या दुकानात विचारा. जोडल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड सुरू करा. हे विसरू नका. नवे टीव्ही चित्र सजवण्यात क्षणभर घालवतात, त्यामुळे बटण आत्ता दाबलं आणि मारिओ किंचित उशिरा उडाला असं होतं. नवखा समजतो आपलाच हात वाईट आहे.

रिमोटवर चार बटणं असतील तर त्यातली दोन टर्बो आहेत. त्यांना हात लावायचा नाही. टर्बोने मारिओ नुसता टुणटुण करतो, उंच उडत नाही.

त्या कॅसेटींमध्ये मारिओ १४, मारिओ १६ अशी नावं दिसतील. ती खरी नाहीत. दुसऱ्याच कुठल्या गेममध्ये मारिओचं डोकं चिकटवलंय.

पैसे खर्च करायची तयारी असेल तर निन्टेन्डो स्विच हे कंपनीचं मशीन. आपल्याकडे ते बहुतेक आयात करणाऱ्या दुकानदारांकडून येतं, म्हणून बिल आणि वॉरंटी कोण देणार हे आधी विचारा. कॅसेट कुठल्या देशाची आहे याने सहसा अडत नाही, जपानची असली तरी चालते. चार्जरही २४० व्होल्टपर्यंत चालतो, फक्त पिन आपल्या बोर्डात बसेल अशी घ्या. निन्टेन्डोची ऑनलाइन वर्गणी भरलीत तर १९८५ चा मूळ मारिओ, तिसरा मारिओ आणि सुपर मारिओ वर्ल्ड त्याच मशीनवर खेळता येतात.

फोनवरचं काय? मारिओ म्हणून शोधलं की शंभर गेम येतात, त्यातले बहुतेक जाहिराती दाखवण्यासाठीच जन्माला आलेत. निन्टेन्डोचा स्वतःचा आहे तो सुपर मारिओ रन, २०१६ मध्ये आयफोनवर आणि २०१७ मध्ये अँड्रॉइडवर आला. त्यात मारिओ आपणहून पळतो, तुम्ही फक्त बोटाने उडी मारायची. सुरुवातीचे टप्पे फुकट, पुढचे विकत. चांगला आहे, पण त्यावरून मारिओ कळला असं समजू नका. पळायचं की थांबायचं हे ठरवणं तुमच्या हातात नसेल तर अर्धी मजा तिथेच गेली.

पायरी ३ : पहिला अर्धा तास, फक्त १-१

पुढे जायची घाई नको. पहिल्या जगाचा पहिला टप्पा, ज्याला सगळे वन-वन म्हणतात, तोच पुन्हा पुन्हा खेळा. हा टप्पा म्हणजे न बोलणारा मास्तर आहे. पुस्तक नाही, सूचना नाही, आणि तरीही तो सगळं शिकवतो. मियामोतोंनी तो बाकीचे टप्पे झाल्यावर, शेवटी शेवटी बांधला. आपला खेळ नवख्याला कुठे अडवणार हे तोवर त्यांना नीट कळलं होतं.

कसं शिकवतो ते बघा. सुरुवातीला मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला, तोंड उजवीकडे, आणि उजवीकडे सगळं मोकळं. कुठे जायचं हे सांगावं लागत नाही. थोडं चाललात की वर चमचमणारा प्रश्नचिन्हाचा ठोकळा आणि समोरून रागावलेल्या भुवयांचा तपकिरी गुम्बा. त्याला धडकलात की मेलात. पण मरून जिथून सुरू करता, तिथून ती जागा दोन-तीन सेकंदांवरच आहे, त्यामुळे वाईट वाटत नाही. दुसऱ्यांदा घाबरून उडी मारता. ती गुम्बाच्या पलीकडे पडली तर कळतं की चुकवता येतं. डोक्यावर पडली तर कळतं की चिरडता येतं. वर ठोकळ्याला डोकं लागलं तर नाणं निघतं, आणि कळतं की ठोकळे खालून फोडून बघायचे असतात.

पुढच्या रांगेतल्या एका ठोकळ्यातून मशरूम निघतं. इथली कारागिरी मला आजही थक्क करते. गुम्बाने नुकतंच मारलेलं असल्याने नवख्याला मशरूमही शत्रूच वाटतं, तो पळू बघतो. पण मशरूम उजवीकडे सरकतं, खाली पडतं, पुढच्या हिरव्या पाइपाला धडकतं आणि उलट फिरून तुमच्याकडेच येतं. तुम्ही उडी मारून चुकवायला जाता, तर डोक्यावर विटांची रांग. विटेला डोकं आपटून खाली येता ते मशरूमवरच. मारिओ मोठा होतो. म्हणजे पळून जाणाऱ्यालाही खेळ बळेच खाऊ घालतो.

शेवटाकडे पायऱ्यांच्या दोन जोड्या आहेत. पहिल्या जोडीच्या मधोमध जमीन आहे. उडी चुकली तरी खाली पडाल एवढंच, चढून परत या. दुसरी जोडी तशीच, पण मध्ये खड्डा. सराव आधी, परीक्षा नंतर. बहुतेक जण या दोन्ही जोड्यांवरून धावत जातात आणि आपल्याला कुणी शिकवलं हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

या टप्प्यात तुम्हाला स्वतः शोधायच्या दोन गोष्टी आहेत. चौथ्या पाइपावर उभं राहून खालचं बटण दाबा, मारिओ आत जाईल आणि नाण्यांच्या खोलीत उतरेल. आणि त्याच पाइपाच्या पुढे, पहिल्या खड्ड्याच्या अलीकडे, मोकळ्या हवेत उड्या मारून बघा. एक न दिसणारा ठोकळा आहे, त्यात हिरवं मशरूम म्हणजे एक जादा लाईफ. १०० नाणी जमली की आणखी एक लाईफ मिळते.

पायरी ४ : उडी

आता मुद्द्याचं. ए बटण उडीचं, बी बटण पळायचं. अंगठा आडवा ठेवा: टोक बीवर, मधला भाग एवर. बी सतत दाबलेलंच राहील आणि अंगठा किंचित वाकवला की ए दाबलं जाईल. दोन बटणांसाठी दोन बोटं वापरणारे पुढे अडतात.

एक, बटण किती वेळ दाबून ठेवता त्यावर उंची ठरते. टिचकी मारली तर छोटी उडी, दाबून धरलं तर मोठी. दोन, पळत येऊन मारलेली उडी लांबही जाते आणि उंचही. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: हवेत असतानाही दिशा बदलता येते. खड्ड्यापलीकडे जास्त लांब जातोय असं वाटलं तर हवेतच डावीकडचं बटण दाबा, मारिओ आखडेल. खऱ्या माणसाला हे जमत नाही, पण पडद्यावर ते इतकं पटतं की चूक झाली की आपण खेळाला शिव्या देत नाही, आपल्याच अंगठ्याला देतो. या मालिकेचं आकर्षण कशात आहे असं विचाराल तर माझं उत्तर हेच. तुमच्या आधीच्या पिढीने ज्या उडीवर जीव टाकला, तीच उडी थोडीफार घासूनपुसून आजच्या मारिओत आहे.

पळण्याला गती असते; बटण सोडलं तरी मारिओ लगेच थांबत नाही, घसरतो. नवखे याच्यामुळेच खड्ड्यात जातात. आमच्याकडे भाड्याच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात मागे उभी राहणारी मोठी पोरं ओरडायची, "इतला कसाले पयस भो?" सल्ला बिनचूक होता. आधी चालत खेळा, मग पळत. टप्प्याला ४०० चं किंवा ३०० चं घड्याळ असतं, ते पहिल्या जगात भरपूर पुरतं. १०० उरले की संगीत वेगाने वाजू लागतं, तेव्हाही दचकू नका.

पायरी ५ : पहिल्या किल्ल्याच्या पुढे

१-२ जमिनीखाली आहे. शेवटाकडे वर-खाली होणाऱ्या फळ्या लागतात. त्यांच्यावरून विटांच्या छतावर चढा आणि बाहेर जायच्या पाइपाच्याही पुढे छतावरूनच चालत रहा. खाली तीन पाइप दिसतील, त्यांवर ४, ३, २ असे आकडे: थेट त्या त्या जगात. ही वाट माहीत असणं हा शाळेत एकेकाळी मोठा मान होता. पण पहिल्याच फेरीत वापरू नका. ३-१ मध्ये हातोडे फेकणारी कासवं पहिल्यांदा भेटतात. त्यांची सवय न करता चौथ्या जगात गेलात तर तिथे निभाव लागणार नाही.

किल्ल्यात, म्हणजे प्रत्येक जगाच्या चौथ्या टप्प्यात, बाउझर नावाचा आगओक्या कासवराजा पुलावर उभा असतो. त्याच्याशी लढायची गरज नाही. तो उडी मारेल तेव्हा खालून पळा आणि मागची कुऱ्हाड शिवा, पूलच कोसळतो. ठोकळ्यातलं फूल घेऊन आगीचे गोळे फेकायची ताकद मिळालेली असेल तर पाच गोळ्यांतही मरतो. नंतर टोड नावाचा राजकन्येचा सेवक सांगतो की राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. सात वेळा. ४-४, ७-४ आणि ८-४ हे किल्ले चकव्याचे आहेत. वाट चुकली की तोच रस्ता परत परत येतो. तेव्हा वरून गेलो की खालून हे लक्षात ठेवा.

मूळ खेळात सेव्ह नाही. भारनियमनाच्या दिवसांत सातव्या जगात लाईट गेली की घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही. पण एक सोय आहे जी आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होती: गेम ओव्हर झाल्यावर पहिला पडदा आला की ए दाबून धरा आणि स्टार्ट दाबा. ज्या जगात मेलात, त्याच जगाच्या पहिल्या टप्प्यापासून सुरू होतं. मशीन बंद केलं नसेल तरच.

जादा लाईफसाठी ३-१ च्या शेवटच्या पायऱ्यांवर एक युक्ती आहे. पायऱ्या उतरत येणाऱ्या दोन कासवांपैकी दुसऱ्याचं कवच पायरीला टेकलेलं असताना बरोबर कडेवर उडी मारायची. कवच पायरीला आपटून परत पायाखाली येत राहतं आणि लाईफ वाढत राहतात. मात्र अति तेथे माती. १२८ च्या वर गेलात की मोजणाराच गोंधळतो आणि पुढच्या मरणाला थेट गेम ओव्हर होतो.

पायरी ६ : त्यानंतर कुठला

क्रमाने जाऊ नका. १९८६ चा जपानी दुसरा मारिओ मुद्दाम छळणारा आहे, त्यात विषारी मशरूम आहेत. निन्टेन्डोलाच तो अमेरिकेसाठी फार कठीण वाटला, म्हणून तिथे १९८८ मध्ये डोकी डोकी पॅनिक नावाच्या वेगळ्याच खेळाला मारिओचे कपडे चढवून तो मारिओ २ म्हणून विकला. आपल्या कॅसेटीत जमिनीतून भाज्या उपटून फेकायचा जो मारिओ असायचा, तो हा. गमतीचा आहे, पण नंतर बघा.

थेट तिसऱ्यावर जा. जपानमध्ये १९८८, अमेरिकेत १९९०. नकाशा आला, पान खाल्लं की शेपूट येऊन उडता येऊ लागलं. खालची पट्टी भरेपर्यंत पळा, मग ए टिचकावत राहा. १-३ मध्ये पांढऱ्या ठोकळ्यावर खालचं बटण काही सेकंद दाबून धरा. मारिओ देखाव्याच्या मागे जाईल. तसाच शेवटापर्यंत पळा, शिट्टी मिळेल. ती वाजवली की पुढच्या जगांची वाट उघडते. हा माझा सगळ्यात आवडता मारिओ, त्यामुळे इथे माझं ऐकताना थोडं जपून.

मग १९९० चा सुपर मारिओ वर्ल्ड. इथे यॉशी नावाचं डायनासोर पाठीवर बसू देतं. मारिओला काहीतरी वाहन द्यावं असं मियामोतोंच्या मनात आधीपासून होतं, जुन्या मशीनला ते झेपत नव्हतं. एकूण ९६ वाटा, सेव्हची सोय, आणि नवख्याला तिसऱ्यापेक्षा सोपा.

थ्रीडी मारिओ १९९६ च्या सुपर मारिओ ६४ पासून. तो बनवताना आधी टप्पे केलेच नाहीत. मारिओ एका सशामागे पळतोय एवढंच करून हालचाल मनासारखी होईपर्यंत घासत बसले. ऐतिहासिक आहे, पण त्याचा कॅमेरा आज नवख्याला रडवतो. सुरुवात २०१७ च्या ओडिसीने करा आणि त्यात असिस्ट मोड लावा: कुठे जायचं याचे बाण दिसतात, जीव जास्त मिळतो, दरीत पडलात तर बुडबुड्यातून परत येता. यात लाज कसली?

पायरी ७ : उन्हाळा आणि घरातली माणसं

स्विचबद्दल एक गोष्ट खास आपल्या भागासाठी. निन्टेन्डोच्या सांगण्यानुसार ते ५ ते ३५ अंशांत वापरायचं. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ ला टेकतो तेव्हा पत्र्याच्या खोलीत दुपारी खेळत बसणं मशीनला परवडणारं नाही. कूलरच्या झोतात पण पाणी उडणार नाही असं ठेवा, किंवा सरळ सकाळी आणि रात्री खेळा. डॉकची, म्हणजे टीव्हीला जोडायच्या स्टँडची, मागची बाजू भिंतीला चिकटवू नका, वरून रुमाल झाकायची सवय असेल तर ती मोडा.

चार माणसांनी एकत्र खेळायचं तर १९८५ चा मारिओ उपयोगाचा नाही. त्यात एक मेला की दुसऱ्याची पाळी. एकाच वेळी चौघांचा मारिओ निन्टेन्डोच्या वी (Wii) या मशीनवर २००९ मध्ये आला. आता घ्यायचा झाला तर २०२३ चा सुपर मारिओ ब्रदर्स वंडर घ्या. त्यात कुणी मेला तर भूत होऊन तरंगतो आणि दुसऱ्याने वेळेत शिवलं की परत जिवंत होतो, त्यामुळे नवख्यामुळे कुणाचा खोळंबा होत नाही. खेळायला निवडता येणाऱ्या पात्रांपैकी यॉशी आणि नॅबिट या दोघांना शत्रू लागला तरी काही होत नाही, फक्त खड्ड्याला जपायचं. यॉशी घरातल्या सगळ्यात धाकट्याला द्या. आजी बसायला तयार असेल तर नॅबिट तिचा, आणि पहिला टप्पा पार होईपर्यंत तिच्या रिमोटला हात लावायचा नाही.